पोटाला कसं कळतं?

भोकरहून नांदेडला जायचं म्हटलं की माझी आत्या एसटीचं नाव काढू देत नाही. स्टँड घरापासून जवळ, गाड्याही बऱ्याच, तरी तिला रेल्वेच लागते. आदिलाबादकडून येणारी गाडी भोकरला थांबते, मुदखेडवरून नांदेडला जाते आणि गाडीत संडास असतो. कारण एवढंच. आत्याचं वय ७२. गेली चार-पाच वर्षं तिचं पोट तिच्या ताब्यात राहिलेलं नाही. पंधरा-पंधरा दिवस बरे जातात, मग एखाद्या सकाळी मुरडा सुरू होतो, तासाभरात तीन-चारदा जावं लागतं. दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगून राहतं. आणि हे सगळं नेमकं लग्नाच्या दिवशी, तेराव्याच्या दिवशी, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायच्या दिवशी.

"पोटाला कसं कळतंय रे लेकरा, आज मला गावाला जायचंय म्हणून?" एकदा वैतागून तिनं मला विचारलं.

तिनं सहज विचारलं होतं, पण मी त्या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि थक्क झालो. माणसाच्या शरीराबद्दल विचारता येतील अशा सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी हा एक आहे.

त्याआधी तिच्या तपासण्यांबद्दल सांगायला हवं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीनं मोठं आतडं पाहून झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्टची पिशवी हातात देताना एका दवाखान्यात तिला सांगितलं गेलं, "काही नाही आजीबाई, मनाचे खेळ आहेत." परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "म्हणजे मी खोटं सांगते का?"

खोटं नव्हतंच ते. या दुखण्याला नाव आहे, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, सगळेजण आयबीएस म्हणतात. ते ओळखायचे जगभर मानलेले निकषही आहेत. त्यांना 'रोम निकष' म्हणतात, चौथी आवृत्ती २०१६ ची. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोट दुखणं, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा किंवा रूप बदलणं, आणि ही सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वी झालेली असणं. त्याच वर्षी तज्ज्ञांनी अशा साऱ्या आजारांच्या कुळाला नवं नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ होतो, आतडं आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचे बिघाड. दुर्बिणीला जखम दिसते, सूज दिसते, गाठ दिसते. देवाणघेवाण दिसत नाही.

पण एकदा ती जवळजवळ दिसली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर थॉमस आल्मी मोठ्या आतड्याचा अभ्यास करत होते. वैद्यकीचा एक विद्यार्थी प्रयोगासाठी तयार झाला. नळी आत घालून डॉक्टर त्याच्या आतड्याची भिंत पाहत होते, ती शांत होती. मग त्यांनी नाटक केलं. इथं काहीतरी दिसतंय, कॅन्सर असावा, असं त्याला ऐकू जाईल अशा बेतानं ते बोलले. डोळ्यांसमोर त्या आतड्याची भिंत आवळली गेली. नंतर त्याला खरं काय ते सांगितलं, गाठबीठ काही नाही, हा प्रयोग होता. भिंत सैल पडली. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण त्या काही मिनिटांत भीती मनातून निघून आतड्यापर्यंत पोचलेली माणसांनी पाहिली. आणि दिलासाही पोचलेला पाहिला, त्याच वाटेनं.

ही वाट कसली आहे?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं एक जाळं विणलेलं आहे, दोन थरांचं. एकोणिसाव्या शतकात माइसनर आणि आउअरबाख या दोन जर्मन संशोधकांनी ते शोधलं, म्हणून त्या थरांना त्यांची नावं आहेत. त्यात दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत, म्हणजे जवळपास आपल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूइतका कारभार पोटात पसरलेला. आणि तो मेंदूला विचारल्याशिवाय चालतो. १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या. तरी आत ठेवलेला घास वरून दाबला जात होता, खालून वाट मोकळी होत होती, तो पुढं सरकत होता. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी तर गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून क्षारपाण्यात ठेवला. धड नाही, डोकं नाही, आणि तो तुकडा लाटा उठवत आपलं काम करत राहिला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसलो होतो.

मग मेंदूशी बोलायला तार कशाला? तर ती आहेच. मेंदूच्या बुडापासून निघून गळा, छाती, हृदय, जठर असा प्रवास करणारी व्हेगस नावाची नस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. या नसेतले पाचांतले चार धागे खालून वर जातात. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो त्याच्या कितीतरी पट पोट मेंदूला सांगत असतं. सेरोटोनिनचं पाहा. आता ते सगळ्यांना मनाच्या आजारांच्या संदर्भात माहीत आहे. पण इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते पहिल्यांदा सापडलं ते आतड्याच्या आवरणात, आणि त्यांनी नाव ठेवलं 'एन्टेरामिन', आतड्याचं द्रव्य. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आजही तिथंच असतं.

तर आत्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. नांदेडला जायचा विचार तिच्या डोक्यात आदल्या रात्रीच आलेला असतो. स्टँडवरची गर्दी, रस्त्यात मुरडा आला तर, ड्रायव्हरला गाडी थांबवा म्हणायची लाज. शरीराला वाघ आणि लाज यातला फरक कळत नाही. धोक्याची हाक गेली की मोठं आतडं आवळतं, पाणी शोषून घ्यायला वेळ न देता आहे ते पुढं ढकलतं. आणि तिचं आतडं ही हाक जरा जास्तच मोठ्यानं ऐकतं. १९७३ मध्ये इंग्लंडच्या रिची यांनी मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला. ६० मिलिलिटर हवेवर निरोगी माणसांतल्या १०० पैकी ६ जणांना दुखलं, आयबीएस असणाऱ्यांतल्या ५५ जणांना. फुगा तोच, हवा तेवढीच. तेव्हा आत्या 'लई दुखतंय' म्हणते तेव्हा खरंच लई दुखत असतं.

आणि सकाळीच का? मोठ्या आतड्यात दिवसातून काही मोजक्याच वेळा मोठ्या जोराच्या लाटा उठतात. बहुतेक जाग आल्यावर आणि खाल्ल्यावर. जठर ताणलं गेलं की खालच्या आतड्याला निरोप जातो, वरून माल आलाय, जागा करा. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय आपल्याकडे कित्येकांना होतच नाही, त्याचं कारण हे. झोपेत मात्र हे आतडं जवळजवळ निजलेलं असतं. म्हणून आयबीएसचं माणूस रात्री सहसा मुरड्यानं उठत नाही. उठत असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि म्हाताऱ्या माणसात ती फार गांभीर्यानं घ्यायची.

इथं मला थांबून थोडं कडक बोलायचं आहे. आयबीएस बहुधा तरुणपणी सुरू होतं. पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलली, तर आधी दुसरं काही नाही ना हे पाहिलंच पाहिजे. शौचातून रक्त, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं एकही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी भोकरच्या सरकारी दवाखान्यात, तिथून नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचं. आणि जाताना गोळ्यांचा डबा बरोबर न्यायचा. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या कित्येकांचे जुलाब त्या गोळीचेच असतात; हळूहळू विरघळणारी गोळी दिली की बऱ्याच जणांना उतार पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, यांनी कोठा जड होतो. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, फक्त डॉक्टरांपुढं डबा उघडायचा. आत्याच्या डब्यात सहा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. त्यातली एक तिची नव्हतीच, गेलेल्या मामांची होती.

मामा गेले, मुलं पुण्याला, आणि पोट बिघडायला लागलं ते त्याच सुमाराला. काळजी आधी की पोट आधी? ऑस्ट्रेलियात काही संशोधकांनी एकाच वस्तीतल्या लोकांची १२ वर्षांच्या अंतरानं पाहणी केली. सुरुवातीला पोट चांगलं पण मन काळजीत होतं, त्यांच्यात पुढं पोटाच्या तक्रारी जास्त निघाल्या. सुरुवातीला मन शांत पण पोट बिघडलेलं होतं, त्यांच्यात पुढं काळजी जास्त निघाली. वाट दुहेरी आहे. आणि म्हाताऱ्या माणसाची काळजी 'मला भीती वाटते' असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, 'पोट बरं नाही.' आपल्या भाषेला ही वाट फार आधीपासून ठाऊक असावी. लेकरासाठी जीव तुटतो तेव्हा मराठी माणूस आतडं तुटतं म्हणतो, कळकळीनं बोलण्याला पोटतिडीक म्हणतो.

आणि भाषेच्याही आधी वैद्यांना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. चार वात, पित्त, कफ आणि तिन्हींच्या मिश्रणाचे. उरलेले दोन मनाचे, एक भयानं होणारा आणि एक शोकानं होणारा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रुग्णाजवळ बसून हे पाहिलं होतं. या दोन्हींवर वाताच्या औषधांबरोबर आणखी दोन उपचार तिथं सांगितले आहेत, हर्षण आणि आश्वासन. माणसाला आनंद वाटेल असं काही करायचं, आणि त्याला धीर द्यायचा. औषधांच्या यादीत, औषधासारखं.

हे वाचून कुणी म्हणेल, धीर दिल्यानं जुलाब थांबतात होय? हे मोजलेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला सुया टोचल्याचं खोटं नाटक, डॉक्टरांशी बोलणं पाचेक मिनिटं. तिसऱ्याला तेच नाटक, पण पहिल्या भेटीत पाऊण तास बसून, नीट ऐकून घेणं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात १०० पैकी २८, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक होता तो फक्त माणसाच्या वागण्याचा. चरकाच्या 'आश्वासन' या एका शब्दाला मिळालेले हे आकडे पाहून माझ्या अंगावर काटा आला.

पण 'काही नाही आजीबाई' हे आश्वासन नव्हे. तो शब्द नीट पाहा, त्याच्या पोटात श्वास आहे. आश्वासन म्हणजे दबलेल्या माणसाला पुन्हा श्वास घेता येईल असं करणं. 'काही नाही' ऐकून आत्याचा श्वास कोंडला होता. मी तिला घरी बसवून फुग्याची गोष्ट सांगितली, आल्मींच्या विद्यार्थ्याची सांगितली. तुझ्या पोटातल्या नसांचे कान तिखट झालेत, बाकी आतडं धडधाकट आहे, कॅन्सर नाही, तपासून झालंय. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराला उगाच भेवडवलं की रे." त्या रात्री तिला झोप लागली.

श्वासाचंही तसंच. पोट फुगेल असा खोल, सावकाश श्वास, मिनिटाला सहा-सात, असा दहा मिनिटं घेतला की व्हेगस नसेचा जोर वाढतो, हृदयाचे ठोके त्या तालात येतात. इटलीच्या लुचिआनो बर्नार्डींनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आत्याला श्वास मोजायला सांगितला तर ती घाबरी होते. संध्याकाळी हरिपाठ सावकाश म्हण म्हटलं, ते तिला जमलं.

जेवणाचं मात्र लोक उलटं करतात. एकदा वांगं बाधलं, वांगं बंद. मग डाळ बंद, दूध बंद, फळं बंद. शेवटी बिनतिखट वरणभात तेवढा उरतो आणि म्हातारं माणूस काटकुळं होत जातं. आतड्याला खरोखर जड जाणारी काही साखरेच्या जातीची द्रव्यं आहेत, ती लहान आतड्यात शोषली जात नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं २००५ पासून यावर काम केलं. कांदा, लसूण, गहू, अख्खी कडधान्यं, दूध यांत ती जास्त असतात. ज्वारीत कमी. म्हणजे आपली भाकरी बसल्या जागी निर्दोष ठरली! चपातीपेक्षा भाकरी पोटाला बरी, असं आजी म्हणायची ते आठवलं. आणखी एक गंमत, लसणातलं हे द्रव्य पाण्यात विरघळतं, तेलात नाही. फोडणीत लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर वास आणि चव तेलात राहते, त्रास काढलेल्या पाकळ्यांबरोबर जातो. हिंग चालतो. ही पथ्यं चार-सहा आठवडे करून पाहायची आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा, कायमचं सोडायचं नाही. वजन कमी असलेल्या म्हाताऱ्यांनी तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नये.

ठेच्याचं काय? आपल्या भागात ठेच्यावाचून जेवण म्हणजे शिक्षा. मिरचीचा जाळ आणि निखाऱ्याचा चटका मज्जातंतूला एकाच दारातून कळतात, हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तसलीच दारं आतड्यातही आहेत, आणि आयबीएसच्या आतड्यात ती जास्त आढळली आहेत. आत्यानं ठेचा सोडला नाही. बोटभर घ्यायची, आता बोटाच्या टोकावर घेते, आणि बाहेर जायच्या आदल्या दिवशी घेत नाही.

इसबगोल आपल्या शेजारच्या गुजरातेत पिकतो. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची गव्हाच्या कोंड्याशी तुलना झाली. इसबगोलानं आराम पडला, कोंड्यानं नाही, उलट काहींचं जास्त बिघडलं. पण एक चमच्यापासून सुरू करायचं, पेलाभर पाणी वरून प्यायचं आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब ठेवायचं.

एवढ्यानं भागलं नाही तर गोळी आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर अमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत, १० ते ३० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं आणि ते उपयोगी ठरलं. नैराश्याचं जुनं औषध, म्हणून 'वेड्याची गोळी' समजून कित्येकजण चिठ्ठी फाडतात. एवढ्या कमी मात्रेत ती आतड्याच्या नसांचे कान जरा मंद करते. मात्र सत्तरीत तिनं तोंड कोरडं पडतं, कोठा जड होतो, लघवी अडते, झोपेतून उठताना तोल जातो, तेव्हा डॉक्टरांच्या नजरेखालीच. आणि काळजी हाताबाहेर जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आत्याला मी तो मोबाइलमध्ये घालून दिलाय. एकदा लावला म्हणाली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिला डोळ्यांसाठी नांदेडला न्यायचं होतं. भोकरच्या स्टेशनवर आम्ही पोचलो तर गाडी चाळीस मिनिटं उशिरा. तिच्या पिशवीत जादा लुगडं, पाण्याची बाटली, ओआरएसची पुडी, घडी घातलेला टॉवेल. बाकावर बसून तिनं दोनदा पोटावर हात ठेवला, डोळे मिटून ओठ हलवले. मग समोरच्या स्टॉलकडे बघत म्हणाली, "चहा घेऊ का रे?"

बाहेर निघाल्यावर चहा ती कधीच घेत नव्हती. मी घड्याळ पाहिलं.

"अर्धा घंटा हाय की अजून," ती म्हणाली. "आणि आला निरोप तर येऊ दे. गाडीत सोय हाय."